गावचे चर्च आणि त्याची शाळा: इतिहास लिहिताना कोणते साल धरावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका गावच्या कॅथलिक चर्चच्या दर्शनी भिंतीवर 1927 हे साल कोरलेले आहे. चर्चमधील बाप्तिस्म्याचे सर्वांत जुने रजिस्टर 1934 मध्ये सुरू होते. आवारातील मराठी प्राथमिक शाळेच्या शिक्क्यावर 1931 आहे, तर बिशप हाऊसच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाच्या, यादीत हा धर्मग्राम (पॅरिश) 1958 चा म्हणून दाखवलेला आहे. गावातील वृद्ध मंडळी मात्र ठामपणे सांगतात की आधी शाळा भरत होती, चर्च नंतर झाले. शताब्दीची स्मरणिका काढायची आहे. तेव्हा यांतले खरे साल कोणते आणि इतिहास लिहायला सुरुवात कोठून करावी?

माझे उत्तर असे की ही चारही साले खरी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि वृद्धांचे म्हणणेही बहुधा खरे आहे. चर्च आणि त्याची शाळा एका दिवशी जन्माला येत नाहीत. आधी चार-दोन ख्रिस्ती घरे येतात, वाड्याच्या तोंडाशी खुरीस (क्रूस) उभा राहतो, मग वर्षातून काही वेळा दूरच्या चर्चमधून फादर येऊन मिस्सा (सामुदायिक उपासना) करतात, मग कपेल (छोटे प्रार्थनामंदिर) बांधले जाते, मग राहता धर्मगुरू मिळतो, आणि कधी तरी फार उशिरा बिशप हुकूम काढून त्या वस्तीला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा देतात. यांतल्या प्रत्येक टप्प्याचे साल निराळे असते आणि प्रत्येक सालाचा पुरावा निराळ्या दप्तरात असतो. म्हणून ‘स्थापना’ हा एकच शब्द वापरून एक साल ठरवण्याचा आग्रह आधी सोडावा आणि आपल्या हाती असलेले साल नेमके कोणत्या कृतीचे आहे, एवढेच विचारावे. या एका प्रश्नाने निम्मा गुंता सुटतो.

आपल्या भागाचा चर्चच्या कारभाराचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय कागद कोठे शोधायचे हे कळणार नाही. गोव्यातून घाट चढून आलेली ख्रिस्ती कुटुंबे खानापूर, बेळगाव, आजरा, चंदगड या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला, आणि पुढे रेल्वे आल्यावर लोंढ्यासारख्या जंक्शनच्या गावी नोकरीनिमित्त आणखी ख्रिस्ती वस्ती झाली. धर्मकारभारात मात्र एकोणिसाव्या शतकात देशभर दोन अधिकार शेजारी शेजारी चालत होते: एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा, म्हणजे पाद्रोआदोचा, आणि दुसरा थेट रोममधून चालणारा, तेथील धर्मप्रसार खात्याचा, म्हणजे प्रोपगांडाचा. 1886 च्या कराराने ही विभागणी बरीचशी मार्गी लागली आणि बेळगाव जिल्हा गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली राहिला. राज्य इंग्रजांचे, कलेक्टर बेळगावचा, मुख्य सरकार मुंबईचे आणि बिशप मात्र पोर्तुगीज मुलुखात, अशी ही व्यवस्था होती. 19 सप्टेंबर 1953 रोजी बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप मायकेल रॉड्रिग्ज हे त्याचे पहिले बिशप झाले. 1976 मध्ये त्यातून कारवारचा धर्मप्रांत वेगळा निघाला.

याचा सरळ अर्थ असा की 1953 पूर्वीचा आपल्या चर्चचा पत्रव्यवहार बेळगावच्या बिशप हाऊसमध्ये सापडला नाही म्हणून निराश होऊ नये. तो असला तर पणजीला आर्चबिशपच्या दप्तरात असेल, आणि बहुधा पोर्तुगीज भाषेत असेल. शिवाय 1955 नंतर गोव्याची हद्द बंद झाली आणि ती 1961 पर्यंत मोकळी झाली नाही. त्यामुळे नव्या धर्मप्रांताकडे यायला हवे होते असे काही कागद पलीकडेच राहिले असणे शक्य आहे. आपल्या यादीतले 1958 हे सालही याच काळातले आहे. नवा धर्मप्रांत झाल्यावर जुन्या कपेलांना एकामागून एक स्वतंत्र धर्मग्राम करणे हे नव्या बिशपांचे स्वाभाविक काम होते. तेव्हा 1958 हे चर्चच्या जन्माचे नव्हे, तर त्याला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व मिळाल्याचे साल समजावे आणि त्या हुकुमाची प्रत बिशप हाऊसकडून लेखी विनंती करून मागावी. धर्मग्रामाच्या सीमा, त्यात घातलेली गावे आणि ज्या जुन्या धर्मग्रामातून तो वेगळा काढला त्याचे नाव, या तीन गोष्टी अशा हुकुमात असतात. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, कारण तीच आपल्याला 1934 च्या मागे घेऊन जाईल.

बाप्तिस्म्याचे रजिस्टर 1934 मध्ये सुरू झाले म्हणजे त्याआधी गावात बाप्तिस्मे होत नव्हते असे नाही. ते मूळ चर्चच्या वहीत लिहिले जात होते. नोंदी ठेवण्याची सक्ती जुनी आहे: 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाह आणि बाप्तिस्मा यांच्या नोंदी बंधनकारक केल्या आणि 1614 च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घरनिहाय माणसांची गणना अशा पाच वह्या सांगितल्या. त्यामुळे मूळ चर्चमध्ये जाऊन 1934 च्या आधीच्या वहीत आपल्या गावाचे नाव पहिल्यांदा कोणत्या वर्षी येते ते पाहावे. ते साल आपल्या ख्रिस्ती वस्तीचा पहिला लेखी पुरावा ठरेल, आणि ते भिंतीवरच्या 1927 पेक्षा बरेच जुने निघाले तर आश्चर्य वाटू नये.

ही रजिस्टरे वाचायची कशी, याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथेच नवखा माणूस अडतो. मजकूर लॅटिन किंवा पोर्तुगीज असतो, पण साचा ठरलेला असतो: तारीख, बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे नाव, मुलाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, त्यांचे गाव, काही वह्यांत वडिलांचा धंदा, मग पाद्रिन आणि माद्रिन (धर्मपिता आणि धर्ममाता), आणि शेवटी सही. दहा-बारा नोंदी सावकाश वाचल्या की साचा पाठ होतो आणि पुढे केवळ नावे वाचायची राहतात. एक सापळा मात्र आधीच सांगून ठेवतो. महिन्याच्या जागी 7 हा आकडा आणि त्याला जोडून ‘ब्रिस’ अशी अक्षरे असतील तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सप्टेंबर म्हणजे सातवा, म्हणून हा संक्षेप. त्याच रीतीने 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. हे माहीत नसल्याने तारखा दोन-दोन महिन्यांनी चुकलेल्या स्मरणिका आपल्या भागात छापल्या गेल्या आहेत.

समासाकडेही लक्ष द्यावे. 1908 पासून लागू झालेल्या नियमाने विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी समासात करावी लागते. गावातली मुलगी मुंबईत किंवा पुण्यात लग्न करून गेली, तर तेथील चर्चमधून कळवले जाते आणि आपल्या वहीच्या समासात तारीख व ठिकाण चढते. शंभर नोंदींचे समास ओळीने वाचले तर गावची माणसे कोणत्या दशकात कोठे पांगली, याचा नकाशाच हाती येतो. मृत्यूच्या वहीत हेच काम साथी करतात. एखाद्या वर्षी पानेच्या पाने भरलेली दिसली तर ते वर्ष 1918 चे आहे का ते आधी पाहावे. त्या वर्षीचा इन्फ्लुएंझा या मुलुखातल्या खेड्यापाड्यांत पोहोचला होता. त्याआधीच्या वह्यांत प्लेगची वर्षे अशीच ओळखू येतात.

आता शाळेकडे वळतो, आणि माझ्या मते आपल्या स्मरणिकेचा मोठा भाग शाळेला मिळायला हवा. चर्चच्या वह्यांत फक्त ख्रिस्ती घरे आहेत. शाळेच्या वह्यांत सगळे गाव आहे. मराठा, लिंगायत, मुसलमान, दलित, गवळी अशा सगळ्या घरांतली मुले ज्या एका छपराखाली बसली, त्या छपराचा इतिहास हा केवळ धर्मग्रामाचा इतिहास नाही. शाळा आधी होती हे वृद्धांचे म्हणणेही याच अंगाने तपासावे. कपेलच्या पडवीत धर्मगुरूंनी किंवा चर्चचे गायन सांभाळणाऱ्या शिक्षकाने मुलांना अक्षरे, प्रार्थना आणि थोडे संगीत शिकवावे, ही गोव्याच्या धर्मग्रामांतली जुनी रीत. तशी पडवीतली शाळा कोणत्याही सरकारी दप्तरात नसते. ती सरकारदरबारी उमटते तेव्हा जेव्हा अनुदानाचा अर्ज होतो.

अनुदानाची पद्धत 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर आली आणि मुंबई इलाख्याचे शिक्षण खाते त्यानंतर लगेच उभे राहिले. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डाकडे गेला. आपल्या शिक्क्यावरचे 1931 हे साल या कायद्यानंतरचे आहे, म्हणून ते शाळा सुरू झाल्याचे नसून तिला मान्यता मिळाल्याचे असावे, असा माझा तर्क आहे. तो पडताळायचा तर तीन ठिकाणी जावे. शाळेतले जनरल रजिस्टर आणि शेरा बुक, खानापूरच्या क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातली मान्यतेची फाईल, आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातली शिक्षण खात्याची जुनी दप्तरे. तिसरे ठिकाण लोक विसरतात. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे त्याआधीचे राज्य पातळीवरचे कागद बंगळूरला शोधून भागत नाही.

जनरल रजिस्टरचे पहिले पान उघडल्यावर काय पाहायचे? पहिल्या दिवशी दाखल झालेल्या मुलांची वये पाहावीत. शाळा खरोखर त्या वर्षी सुरू झाली असेल तर बहुतेक मुले बिगर इयत्तेत किंवा पहिलीत बसलेली दिसतील. पण पहिल्याच दिवशी तिसरी-चौथीची मुले असतील आणि ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात काहीच नसेल, तर ती मुले आधीपासून तेथेच शिकत होती आणि मान्यतेच्या दिवशी त्यांची नावे नव्या वहीत चढवली गेली, असे समजायला आधार मिळतो. वृद्धांच्या आठवणीला याहून चांगला लेखी दुजोरा मिळणे कठीण.

त्यानंतर तोच मुलगा चर्चच्या वहीत शोधून काढावा. हे काम वेळखाऊ आहे, पण एकदा जमले की त्याची गोडी लागते. लॅटिन वहीत ‘सेबास्तियानुस’ असलेला मुलगा शाळेत ‘बस्त्याव’ झालेला असतो, त्याचा बाप ‘मिखाएल’ हा ‘मिंगेल’ असतो, ‘इग्नातियुस’चा ‘इनास’ होतो आणि ‘योआन्नेस’चा ‘जुवांव’. आडनाव गुरुजींनी कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते, त्यामुळे एकच फर्नांडिस तीन-चार तऱ्हांनी भेटतो. जन्मतारखेच्या बाबतीत चर्चची वही धरावी. शाळेत दाखल करताना पालकांना तारीख सांगता आली नाही तर गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत. बाप्तिस्मा मात्र जन्मानंतर थोड्याच दिवसांत होत असे, त्यामुळे तेथील तारीख विश्वासार्ह. याउलट घरचा धंदा, शाळा सोडल्याचे कारण, ‘शेतकामासाठी’, ‘परगावी गेले’, अशा गोष्टी शाळेच्या वहीतच मिळतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवून एका कुटुंबाच्या तीन पिढ्या लिहून काढल्या, तर स्मरणिकेतला तो सर्वांत वाचनीय लेख होईल.

शेरा बुक तर पानन्‌पान वाचावे. तपासणीला आलेले अधिकारी पटसंख्या, गैरहजेरी, इमारतीची गळती, फळ्याची अवस्था, मुलींची संख्या, सगळे लिहीत. खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस इतका की ओढ्याला पाणी आले म्हणून हजेरी कमी, अशी नोंद या पट्ट्यातल्या शाळांत भेटते. व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, किती मुले बसली आणि किती उत्तीर्ण झाली, हेही तेथेच सापडते. आणि 1956 नंतर शेऱ्यांची भाषा हळूहळू बदलत जाते.

या बदलाबद्दल लिहिताना जपून लिहावे, अशी माझी विनंती आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी, वेदीवर लॅटिन, बिशपचे पत्र पोर्तुगीज, मामलेदार कचेरीत मराठी-कानडी, अशा वातावरणात ही माणसे वाढली. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासनेची वाट मोकळी केल्यावर कोणत्या भाषेत मिस्सा व्हावी, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा उभा राहिला, कारण तोवर तो लॅटिनने झाकून ठेवला होता. कोकणी प्रार्थनापुस्तके रोमी, कानडी आणि देवनागरी अशा तिन्ही लिप्यांत या भागात वापरली गेली आहेत. आपल्या चर्चच्या कपाटातली जुनी पुस्तके काढून त्यांची लिपी आणि छापल्याचे साल यांची यादी केली तर भाषेचा इतिहास वादाशिवाय सांगता येईल. सीमाप्रश्नाची आजची विभागणी 1930 च्या गावावर लादू नये. आणि 1956 नंतर मराठी शाळांना ज्या अडचणी आल्या त्या टाळूही नयेत. शिक्षक केव्हा मिळाला नाही, तुकडी केव्हा बंद झाली, दुसरी भाषा केव्हा आली, हे रजिस्टरच्या आधाराने तारखेसह लिहावे.

भिंतीवरच्या 1927 बद्दल. दर्शनी भिंतीवरचे साल बहुधा त्या दर्शनी भिंतीचेच असते. मागचा गाभारा जुना आणि पुढचा भाग नंतर वाढवलेला, असे वारंवार घडते. चिऱ्यांचे थर, त्यांची मापे आणि जोड नीट पाहिले तर वाढवलेली जागा ओळखू येते. छपराच्या कौलांवरचा शिक्का पाहायला कोणी तरी वर चढेलच, म्हणून सांगतो: मंगळुरी कौलावर 1865 किंवा 1868 दिसले तर ते कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, कौल भाजल्याचे नव्हे. पहिले बासेल मिशनच्या कारखान्याचे, दुसरे आल्बुकर्क यांच्या. घंटेवरचे सालही असेच फसवते, कारण घंटा दुसऱ्या चर्चकडून भेट आलेली असू शकते. जमिनीचे कागद यांहून भरवशाचे. सर्व्हे नंबरचा जुना उतारा, फेरफार नोंद, सब-रजिस्ट्रारकडचे खरेदीखत किंवा बक्षीसपत्र, आणि 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झाली असल्यास तिचा उतारा, एवढे मिळवावे. जमीन कोणी दिली हे तेथे कळते, आणि ती देणारा पुष्कळदा गावातला बिगरख्रिस्ती वतनदार निघतो. असे निघाले तर त्या घराण्याचे नाव स्मरणिकेच्या पहिल्या पानांत असावे.

आपले चर्च बेळगाव शहरातले किंवा प्रोटेस्टंट असते तर वाट निराळी झाली असती. तेथे लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये आले, काही वर्षांनी विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले, आणि त्या मिशनचे कागद आज लंडनला आहेत. कॅम्पमधील इंग्रज लष्करी चर्चच्या नोंदींच्या प्रतीही तिकडेच गेल्या. कॅम्पमधले सेंट पॉल्स हायस्कूल 1856 चे. पण खेड्यातल्या कपेलचा इतिहास या मोठ्या संस्थांच्या इतिहासाची छोटी प्रत नाही, तेव्हा त्यांच्या हकिगतीने पाने भरू नयेत. जिल्ह्याची पार्श्वभूमी हवी तर 1884 च्या बेळगाव गॅझेटियरमधील ख्रिस्ती लोकांवरचा भाग पुरेसा आहे.

दोन गोष्टींत तडजोड करू नये. पहिली, वह्यांची काळजी. रजिस्टर झेरॉक्सला नेऊ नये, पुठ्ठा दाबला की शिवण तुटते. फादरांच्या परवानगीने, त्यांच्याच खोलीत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो घ्यावेत. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. काम पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी असताना करावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या वह्यांत माणसांच्या अब्रूच्या गोष्टी आहेत. ‘पिता अज्ञात’ अशी नोंद, दत्तक, पोरके मूल, विवाहातला अडथळा, शाळेच्या वहीत जातीचा रकाना. ज्यांच्या संबंधात हे लिहिले गेले त्यांची नातवंडे आज त्याच गावात राहतात. अशी एकही नोंद नावासह छापू नये, फोटोतही दिसू देऊ नये, आणि जिवंत माणसांच्या नोंदी त्यांच्या संमतीशिवाय वापरू नयेत. इतिहासाचे यात काही बिघडत नाही.

वृद्धांच्या मुलाखती मात्र आजपासून सुरू कराव्यात, कागद थांबतील. त्यांना साल विचारू नये. चिरे कोणत्या खाणीतून आले, गाड्या कोणाच्या होत्या, फेस्ताला (चर्चच्या सणाला) लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थनागीत, कोण म्हणायचे, शाळेची घंटा म्हणजे काय टांगलेले होते, पहिल्या बाई केव्हा आल्या, दुपारी गुरुजी कोणाच्या घरी जेवत, असे विचारावे. बोलणे त्यांच्याच भाषेत, कोकणी असेल तर कोकणीत, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

शेवटी निमंत्रणपत्रिकेवर काय छापायचे, हा आपला खरा निकडीचा प्रश्न. भिंतीवरचे साल इमारतीचेच आहे असे जमिनीच्या किंवा गोव्याच्या कागदांवरून ठरले, तर 2027 मध्ये ‘चर्चच्या इमारतीची शताब्दी’ असे स्पष्ट शब्दांत छापावे. 2031 हे शाळेच्या मान्यतेचे शतक म्हणून गावाने स्वतंत्रपणे साजरे करावे, आणि 1958 च्या हुकुमाची प्रत स्मरणिकेत जशीच्या तशी द्यावी. 2027 च्या आत पुरावा हाती आला नाही तरी कार्यक्रम पुढे ढकलण्याचे कारण नाही. भिंतीवरील सालानुसार, असे दोन शब्द पुरेसे आहेत. स्मरणिका छापून झाली की फोटोंचा आणि मुलाखतींचा एक संच चर्चमध्ये, एक शाळेत आणि एक बिशप हाऊसमध्ये द्यावा, आणि कोणती वही कोणत्या कपाटात पाहिली याची यादी प्रत्येक संचासोबत ठेवावी.